पासवर्ड विचारला का? कार्यशाळेतलं तात्पुरतं लॉगिन चालत नाही तेव्हा

“मॅडम, घेतच नाहीये.”

लिनक्सची कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. लॅबमध्ये चाळीस मुलं, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड. मी फळ्यावर कमांड लिहिते, सगळे टाइप करतात आणि पाच मिनिटांत सहा-सात हात वर जातात. पहिल्या सत्राचा अर्धा तास यातच जातो. ज्यांचं लॉगिन झालंय ती मुलं तोवर मोबाइल काढून बसतात. ज्यांचं झालेलं नाही त्यांच्यातली एखादी मुलगी, जी टर्मिनल आयुष्यात पहिल्यांदा बघतेय, मनाशी ठरवून टाकते की हे आपल्याला जमणारं नाही. अर्ध्या तासापेक्षा मला त्या मुलीची काळजी जास्त वाटते.

हात वर गेला की शिकवणाऱ्याचा पहिला उपाय ठरलेला असतो: सर्व्हरवर जायचं, त्या खात्याला नवा पासवर्ड द्यायचा, “आता बघ” म्हणायचं. कधी चालतं, कधी नाही. चाललं तरी बिघाड कशाने झाला होता ते कळत नाही, म्हणून पुढच्या कार्यशाळेत तो पुन्हा येतो. शिवाय चिठ्ठीवर एक पासवर्ड आणि खात्यावर दुसरा, असा नवाच घोळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी जुनी चिठ्ठी घेऊन बसते आणि पुन्हा हात वर करते.

माझा अनुभव असा की पासवर्ड खरोखर चुकीचा असणं हे बऱ्याच कारणांपैकी एकच कारण आहे. म्हणून पासवर्डाला हात लावण्याआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारते: पासवर्ड विचारला का?

हा प्रश्न साधा आहे, पण त्याने बिघाडाचे सरळ तीन भाग होतात. विचारलाच नसेल, तर पासवर्ड चुकायचा प्रश्नच येत नाही. दोष वाटेत किंवा दारावर आहे. विचारला आणि नाकारला, तर चिठ्ठी, कीबोर्ड किंवा यादीत घोळ आहे. विचारला, घेतला आणि तरी बाहेर काढलं, तर खात्याच्या मुदतीत गडबड आहे. इथून पुढचं सगळं क्लाउडवर भाड्याने घेतलेला एक उबुंटू किंवा डेबियन सर्व्हर आणि लॅबमधल्या विंडोज मशीनवरून पुटी किंवा एसएसएच (दोन्ही दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणारे प्रोग्राम), ही नेहमीची मांडणी धरून लिहिते आहे.

विचारलाच नाही

एकाही मशीनवर विचारला नाही आणि सगळीकडे लगेच “परमिशन डिनाइड” आलं, कंसात फक्त “पब्लिक-की” असं दिसलं, तर सर्व्हरवर पासवर्डने लॉगिनच बंद आहे. उबुंटूच्या क्लाउड प्रतिमांमध्ये, म्हणजे क्लाउडवर मिळणाऱ्या तयार प्रतींमध्ये, ते मुळातच बंद असतं. आपण एसएसएचडीची, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन घेणाऱ्या सेवेची, मुख्य कॉन्फिग फाइल उघडतो, पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे “यस” लिहितो, सेवा पुन्हा सुरू करतो आणि काहीच बदलत नाही. कारण त्या फाइलच्या वरच्याच भागात शेजारच्या, नावाच्या शेवटी डॉट-डी असलेल्या फोल्डरातल्या फाइली आधी वाचायला सांगितलेलं असतं आणि एसएसएचडी पहिल्यांदा वाचलेली किंमत धरतो, नंतरची नाही. क्लाउडवाल्यांनी त्या फोल्डरात “नो” लिहून ठेवलेलं असतं. तिथे बदला. मग एसएसएचडीला मोठ्या टीचा पर्याय देऊन चालवा, म्हणजे प्रत्यक्षात लागू असलेली किंमत समोर येते. हे काम आदल्या दिवशी घरून करायचं आहे, लॅबमध्ये उभं राहून नाही.

काहींना विचारला, काहींना नाही, आणि ज्यांना नाही त्यांनी पुन्हा केल्यावर विचारला, असं असेल तर ती गर्दी आहे. ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे एसएसएचडी ज्यात येतो त्या पॅकेजात, मॅक्सस्टार्टअप्स नावाची एक मर्यादा असते, मूळ किंमत १०:३०:१००. म्हणजे पासवर्ड अजून दिलेला नाही अशी दहा कनेक्शनं उघडी झाली की पुढच्या प्रत्येकाला नाकारण्याची शक्यता ३० टक्के होते आणि ती वाढत जाऊन शंभराला सगळ्यांना नकार मिळतो. दहा हा आकडा आपल्याला पुरेसा वाटतो, कारण आपण दोन सेकंदांत पासवर्ड टाइप करतो. चिठ्ठी बघून एकेक अक्षर शोधणारा विद्यार्थी एक मिनिट घेतो आणि ते मिनिटभर त्याची जागा अडलेली असते. सर्व्हर त्याला १२० सेकंदांपर्यंत थांबू देतो. मी “आता सगळ्यांनी एंटर दाबा” म्हटलं की चाळीस जण एकदम दारात येतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये “बिगिनिंग मॅक्सस्टार्टअप्स थ्रॉटलिंग” अशी ओळ दिसली की खात्री झाली. उपाय सोपा आहे: किंमत १००:३०:२०० करा. फाइल बदलायची सोय नसेल तर एकेका रांगेला आत घ्या. मला खरं तर रांगेचीच पद्धत आवडते, कारण मग प्रत्येक रांगेतून फिरता येतं.

आणि एकदम सगळेच अडकले, तर? हा प्रकार मला ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगते.

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक कॉलेज, दुपारचं सत्र. सकाळी सगळे आत आले होते, काम छान चाललं होतं. जेवणानंतर साधारण अडीच वाजता चाळीसही टर्मिनल एकाच क्षणी गोठले. कळा दाबल्या तरी अक्षरं उमटेनात. नव्याने जोडणाऱ्यांना “कनेक्शन रिफ्यूज्ड” दिसत होतं. ब्राउझर उघडला तर बाकीचं इंटरनेट व्यवस्थित. लॅब असिस्टंट धावत जाऊन राउटर बंद-चालू करून आले आणि थोड्या वेळात सगळं आपोआप सुरू झालं. आम्ही राउटरला दोष दिला. चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी लॅपटॉप लॅबच्या नेटवरून काढला, फोनच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरवर गेले आणि फेल-टू-बॅनची यादी बघितली. यादीत एकच पत्ता होता: आमच्याच लॅबचा.

कारण असं. फेल-टू-बॅन हे चुकीचे पासवर्ड मारणाऱ्या पत्त्याला बाहेर ठेवणारं रखवालदाराचं काम करतं. त्याची मूळ मोजणी: दहा मिनिटांत एकाच पत्त्यावरून पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी. डेबियन-उबुंटूवर ते बसवलं की एसएसएचसाठी आपोआप चालू होतं. इंटरनेटवरून येणाऱ्या भामट्यांसाठी हे योग्यच आहे. पण लॅबमधली चाळीस मशीनं बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात, कारण सगळी एकाच राउटरमागे असतात. एसएसएच एका कनेक्शनमध्ये तीनदा पासवर्ड विचारतं. जेवणाहून उशिरा आलेल्या एका मुलाने तीनदा चुकवला, शेजाऱ्याने “दे, मी टाकतो” म्हणत दोनदा चुकवला, झाले पाच. दोन मुलांच्या हातून चाळीस जण बाहेर. आत असलेलेही गोठतात, कारण फायरवॉल त्या पत्त्यावरून एसएसएचकडे येणारं प्रत्येक पॅकेट अडवते. राउटर चालू-बंद करण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात बंदीची मुदत संपली, म्हणून राउटरमुळे सुटलं असं वाटलं.

तेव्हा सगळे एकदम गोठले, बाकीचं इंटरनेट चालू आहे आणि दहा मिनिटांनी काहीही न करता सुटलं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की राउटरकडे धावू नका. फेल-टू-बॅन क्लायंटला अनबॅनआयपी सांगून लॅबचा पत्ता मोकळा करा आणि जेल-लोकल फाइलमध्ये इग्नोअर-आयपीच्या ओळीत तो पत्ता घाला. पत्ता कुठे मिळेल? सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक यशस्वी लॉगिनपुढे “फ्रॉम” नंतर तोच असतो. कॉलेजात दोन कंपन्यांच्या लाइन असतील तर एक पडल्यावर पत्ता बदलतो, म्हणून दोन्ही विचारून घ्या. आणि एक कायम लक्षात ठेवा: तुम्हीही त्याच राउटरमागे बसलेल्या आहात. लॅब बाहेर गेली की तुम्हीही बाहेर जाता. सर्व्हरवर जायची दुसरी वाट, फोनचं हॉटस्पॉट, सकाळीच चालू करून तपासून ठेवा.

यात अलीकडे एक भर पडली आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून हीच रखवाली एसएसएचडीच्या आत आली. तिचं नाव पर-सोर्स पेनल्टीज. चुकीच्या लॉगिनमागे पत्त्याच्या खात्यावर काही सेकंद दंड जमा होतो, तो १५ सेकंदांच्या वर गेला की त्या पत्त्यावरून नवी कनेक्शनं नाकारली जातात आणि तो वाढत १० मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. फेल-टू-बॅन बसवलेलंच नाही, तरी लॅब बाहेर! उबुंटू २४.०४ मध्ये ओपनएसएसएच ९.६ आहे, त्यामुळे तिथे हे नाही. डेबियन १३ वर आहे. “मागच्या वर्षी हीच मांडणी चालली होती, यंदा काय झालं” असं वाटलं तर आधी आवृत्ती बघा. उपाय तसाच: पर-सोर्स पेनल्टी एक्झेम्प्ट लिस्टमध्ये लॅबचा पत्ता. फरक एवढाच की इथे आत असलेल्यांचं काम थांबत नाही, फक्त नव्यांना दार बंद असतं.

एखाद-दुसऱ्याच मशीनवर लांबलचक इशारा आला, त्यात सर्व्हरची ओळख बदलली आहे असं लिहिलेलं असेल, तर त्या मशीनने मागच्या कार्यशाळेच्या सर्व्हरची की (त्याची ओळख पटवणारी खूण) जपून ठेवली आहे. आपण नवा सर्व्हर घेतला पण नाव तेच ठेवलं. एसएसएच-कीजेनला मोठ्या आरसोबत सर्व्हरचं नाव दिलं की जुनी नोंद जाते. पण मुलांना “इशारा आला की असंच करायचं” असं शिकवू नका. सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीचं छोटं रूप, फळ्यावर लिहा आणि जुळतो का ते त्यांना बघू द्या. दोन मिनिटं जातात, पण ती सवय पुढे नोकरीत उपयोगी पडते. पहिल्यांदा जोडताना येणाऱ्या प्रश्नाला नुसता “वाय” चालत नाही, “यस” पूर्ण लिहावं लागतं, हेही आधीच सांगून ठेवा.

विचारला, पण घेत नाही

इथे मुलाच्या स्क्रीनवर काहीच कळत नाही. “परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन” एवढंच. चूक नावात आहे की पासवर्डात, हे एसएसएच मुद्दामच सांगत नाही, आणि ते बरोबर आहे. पण सर्व्हरचा लॉग आपल्याला सांगतो. म्हणून लॉगिनच्या वेळी माझ्या लॅपटॉपवर लॉग सतत चालू असतो: लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल कमांड, सेवेचं नाव, आणि येणारी प्रत्येक ओळ दिसत राहावी म्हणून छोट्या एफचा पर्याय. डेबियन-उबुंटूवर सेवेचं नाव एसएसएच, रेड हॅटच्या कुळात एसएसएचडी.

“फेल्ड पासवर्ड फॉर” नंतर बरोबर नाव दिसलं तर पासवर्ड चुकलाय. “इनव्हॅलिड युजर” दिसलं तर नावच चुकलंय आणि पासवर्ड कितीदा बदलला तरी उपयोग नाही. या दुसऱ्या प्रकारात नाव काय दिसतं ते वाचा. “ॲडमिनिस्ट्रेटर” किंवा लॅबच्या मशीनचं नाव दिसलं, तर मुलाने कमांडमध्ये युजरनेम आणि ॲटचं चिन्ह लिहिलंच नाही, नुसता सर्व्हरचा पत्ता दिला. मग एसएसएचने विंडोजमधलं नाव उचललं. पहिल्या सत्रातल्या हातांपैकी बरेच हात याचे असतात.

आणि कधी इनव्हॅलिड युजरपुढे अक्षरांऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात: ३४०, २४४, मग आणखी काही, पुन्हा ३४०, २४४. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणी हल्ला करतंय. ती देवनागरी होती. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि सुरुवात ३४०, २४४ किंवा ३४०, २४५ या बाइटांनी होते. लॉग ते अष्टमान आकड्यांत छापतो. त्या मशीनवर मराठी कीबोर्ड चालू होता. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेचं केंद्र असतात, नाहीतर ऑफिसची मराठी पत्रं तिथेच टाइप होतात, त्यामुळे मराठी कीबोर्ड बसवलेला असतोच. युजरनेम दिसतं तिथे मुलाच्या लक्षात येतं. पण युजरनेम पुटीमध्ये आधीच भरून ठेवलेलं असलं आणि फक्त पासवर्ड टाइप करायचा असला की तो बिचारा बरोबर कळा दाबत राहतो, सर्व्हरला देवनागरी पोहोचत राहते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. खात्री करायला नोटपॅड उघडून पासवर्ड एकदा दिसेल असा टाइप करायला लावा आणि सेव्ह न करता बंद करा. त्याच फटक्यात कॅप्स लॉक, बंद नम लॉक आणि न उमटणारी कळ, तिन्ही तपासली जातात. दोन दिवसांच्या पासवर्डासाठी एवढं चालतं.

पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये ठिपके-फुल्याही दिसत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर मुलं “कीबोर्ड अडकला” म्हणून तोच पासवर्ड दोनदा-तीनदा लिहितात आणि मग एंटर दाबतात. पेस्ट करणाऱ्यांनाही सांगा: पुटीत कंट्रोल-व्ही चालत नाही, माउसचं उजवं बटण चालतं.

सगळ्यांचाच पासवर्ड नाकारला जात असेल आणि लॉगमध्ये प्रत्येकाचं नाव बरोबर असेल, तर मुलांकडे बघू नका, आपल्या यादीकडे बघा. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं असतं. ती यादी जशीच्या तशी सीएचपासडब्ल्यूडीला (एकदम सगळ्यांचे पासवर्ड बसवणाऱ्या कमांडला) दिली की ते चिन्ह पासवर्डाचाच भाग होतं. पासवर्ड दहा अक्षरांचा नाही, अकरा अक्षरांचा झाला आणि अकरावं कुणालाच टाइप करता येणार नाही! डॉस-टू-युनिक्स चालवून यादी साफ करा आणि पुन्हा द्या. पहिल्याच ओळीतल्या खात्याला त्रास असेल तर फाइलच्या सुरुवातीला एक्सेलने जोडलेलं बाइट-ऑर्डर चिन्ह त्या नावाला चिकटलेलं असण्याची शक्यता आहे.

काहींचाच नाकारला जात असेल तर त्यांच्या चिठ्ठ्या एकत्र घेऊन बघा. त्यांच्यात काही साम्य दिसतं का? शून्याने सुरू होणारे पासवर्ड एक्सेलने शून्य कापून छापले असतील. मधे ई आणि दोन्हीकडे आकडे असले तर एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजतो. महिन्याच्या तीन इंग्रजी अक्षरांना आकडा जोडलेला असला तर त्याची तारीख होते. खाती बनवली मूळ यादीवरून आणि चिठ्ठ्या छापल्या एक्सेलमधून, अशा दोन वाटा असल्या की हे व्हायचंच. चिठ्ठ्या आणि खाती एकाच फाइलमधून निघाली पाहिजेत, आणि ती फाइल एक्सेलने सेव्ह केलेली नको. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडायची तर आयात करतानाच रकान्याचा प्रकार मजकूर निवडा.

व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवणाऱ्यांसाठी: दोन फुल्यांच्या मधला मजकूर तिथे ठळक होतो आणि फुल्या गायब होतात, दोन अंडरस्कोअरच्या मधला तिरका होतो आणि अंडरस्कोअर गायब. ग्रुपवर सगळ्यांची यादी टाकणं तर करूच नका. चूक म्हणून नाही, तर कुणाचं खातं कोण वापरतंय याचा पत्ताच राहत नाही म्हणून.

घेतला, आणि बाहेर काढलं

पासवर्ड बरोबर आहे पण मुलगा आत नाही. इथे दोनच गोष्टी मला वारंवार दिसल्या.

एक, पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती. खात्याची आणि पासवर्डाची मुदत ठरवणाऱ्या चेज कमांडने आपण ती लावतो, सुरक्षेसाठी चांगली म्हणून. विद्यार्थ्याला मात्र आत आल्याआल्या पुन्हा “करंट पासवर्ड” विचारला जातो. तो तिथे नवा पासवर्ड लिहितो आणि “ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर” येते. ज्याने बरोबर केलं त्याचंही कनेक्शन बदल झाल्यावर बंद होतं, कारण पुन्हा लॉगिन करायचं असतं. त्यालाही वाटतं आपलं बिघडलं. मी ही सक्ती दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी सोडून दिली आहे. सक्ती केली की मुलं हाताशी असलेला, म्हणजे स्वतःच्या ईमेलचा पासवर्डच टाकतात, आणि तो एका परक्या सर्व्हरवर जाणं मला छापील चिठ्ठीपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. सेमिस्टरभर चालणारं खातं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बदलायलाच लावा.

दोन, मुदत. चेजला किंवा खातं बनवणाऱ्या युजरॲडला आपण जी तारीख देतो ती खातं बंद होण्याची तारीख असते, चालण्याची शेवटची नव्हे. शनिवार-रविवार कार्यशाळा आहे म्हणून रविवारची तारीख दिली, तर रविवारी सकाळी एकही खातं चालत नाही. आणखी एक बारकावा: दिवस मोजला जातो तो ग्रीनिचच्या वेळेने, म्हणजे आपल्याकडे तारीख पहाटे साडेपाचला पालटते. एका कार्यशाळेत शनिवारी रात्री उशिरापर्यंत मुलं हॉस्टेलमधून काम करत होती आणि सकाळी नऊला सगळी बाहेर होती. रात्री चालत होतं, म्हणजे मुदत संपलेली नाही, अशी माझी समजूत झाली होती. लॉगमध्ये “अकाउंट एक्स्पायर्ड” स्पष्ट लिहिलेलं असतं. आता मी कार्यशाळा संपल्यानंतर तीन दिवसांची तारीख देते. राहिलेलं काम उतरवून घ्यायलाही मुलांना तेवढा वेळ लागतोच.

चिठ्ठी

वरच्या निम्म्या अडचणी चिठ्ठी नीट केली की येतच नाहीत. माझी चिठ्ठी आता अशी असते: चार बोटं रुंद, वर मोठ्या आकड्यात मशीनचा नंबर, खाली पूर्ण कमांड जशीच्या तशी, तिच्याखाली पासवर्ड. कमांड पूर्ण छापल्यामुळे युजरनेम राहून जात नाही. फाँट असा, ज्यात शून्याच्या पोटात रेघ किंवा ठिपका असतो. देजाव्हू सान्स मोनो किंवा कन्सोलाज चालतात. एरिअल नको, त्यात मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसतात. एकदा मी युजरनेमच छोट्या एलने सुरू होणारं, “लॅब” असं ठेवलं होतं. शेवटच्या रांगेतल्या तिघांनी तिथे १ हा आकडा लिहिला होता. दोष त्यांचा नव्हता, चिठ्ठीवर ते एकासारखंच दिसत होतं.

युजरनेमचा आकडा आणि मशीनचा नंबर एकच ठेवा. याचा फायदा मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. लॉगमध्ये “पीसी१७” चा पासवर्ड चुकलेला दिसतो आणि मी सतराव्या मशीनकडे चालायला लागते. हात वर व्हायच्या आधी. जी मुलं हात वर करायला लाजतात, त्यांच्यापर्यंत पोहोचायची मला याहून चांगली वाट सापडलेली नाही. शिवाय दोघं एकाच खात्यात शिरले असतील तर आत कोण आहे ते दाखवणाऱ्या “हू” कमांडमध्ये एक नाव दोनदा दिसतं. “माझं होईना म्हणून हिचं वापरलं” हे फार सर्रास चालतं, आणि तासाभराने एकीची फाइल दुसरीने पुसलेली असते.

पासवर्डासाठी मी आधी यादृच्छिक अक्षरं वापरायचे. मग मराठी शब्द करून बघितले आणि सोडले, कारण रोमनमध्ये मराठी शब्दांचं ठरलेलं स्पेलिंग नाही. “आंबा” एक जण दोन ए लावून लिहितो, दुसरा एका एमध्ये भागवतो. “वांगी” व्हीने की डब्ल्यूने, यावर वाद होतो. चिठ्ठीवर छापलेलं असलं तरी मूल शब्द वाचतं, लक्षात ठेवतं आणि आपल्या सवयीने लिहितं. शेवटी जिल्ह्यांची नावं सापडली. ३६ पैकी ज्यांचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हेने लिहिलं जातं ती, आणि ज्यांची नावं अलीकडे बदलली ती काढली आणि वीस ठेवली: सातारा, लातूर, अकोला, जालना, वर्धा, सांगली, परभणी, नागपूर, अशी. दोन जिल्हे आणि चार आकडे, सगळं छोट्या लिपीत, आकड्यांत शून्य आणि एक वर्ज्य. २० गुणिले २० गुणिले ४,०९६, म्हणजे १६,३८,४०० शक्यता. बँकेच्या खात्याला हे पुरणार नाही. बाहेरच्यांसाठी फेल-टू-बॅन चालू असलेल्या, आठवड्याच्या आत बंद होणाऱ्या खात्याला पुरतं. मुलांना ते आवडतंही. “मला लातूर-वर्धा आलं” म्हणत चिठ्ठ्या दाखवतात. दाखवू नका म्हणून सांगावं लागतं, तेवढंच.

चाळीस मुलं असतील तर पन्नास खाती बनवा. मशीन बिघडतं, जास्तीचं मूल येतं, एखादे प्राध्यापक मागे बसून करून बघतो म्हणतात. एखादं खातं दोन मिनिटांत सुधारलं नाही तर मी त्या मुलीला राखीव चिठ्ठी देते, बिघडलेल्या खात्याचा नंबर वहीत लिहून ठेवते आणि चहाच्या सुट्टीत बघते. तिचा तास थांबवून आपण कारण शोधत बसायचं नाही. आणि आदल्या दिवशी राखीवांपैकी एक चिठ्ठी कुणालातरी, घरातल्या माणसाला दिली तरी चालेल, कागदावर बघून टाइप करायला लावा. आपण स्वतः तपासतो तेव्हा पासवर्ड कॉपी-पेस्ट करतो, आणि मग शून्य-ओची भानगड दिसत नाही.

कार्यशाळा संपल्यावर

मुदत लावली असली तरी खाती तशीच ठेवू नका. खात्यात बदल करणाऱ्या युजरमॉड कमांडने नुसतं लॉक केलं तर फक्त पासवर्ड बंद होतो. ज्या मुलाने दुसऱ्या दिवशी एसएसएच की (पासवर्डाऐवजी चालणारी फाइल) शिकून स्वतःची की बसवली, तो तिच्या बळावर आत येत राहतो. मुदतीची तारीख मागची करा, म्हणजे दोन्ही वाटा बंद होतात. मग त्या खात्यांच्या नावाने मागे चालू राहिलेले प्रोग्राम आणि क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी बघा, आणि शेवटी खाती काढा. होम फोल्डराबाहेर, सामायिक फोल्डरात पडलेल्या फाइलीही शोधून काढा. नाही काढल्या तर पुढच्या बॅचच्या नव्या खात्याला तोच युजर आयडी मिळतो आणि मागच्या मुलाची फाइल नव्या मुलाच्या मालकीची दिसते.

आणि इग्नोअर-आयपीमध्ये घातलेला लॅबचा पत्ता त्याच संध्याकाळी, सामान आवरण्याआधी काढून टाका. पर-सोर्स पेनल्टीची सूटही. मी ते चिठ्ठ्यांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवलंय, कारण उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला तो डबा उघडावाच लागतो.